खिडक्यांना हात लावू नका

माझी बायको रोझली मार्चमध्ये गेली. त्यानंतर कित्येक आठवडे माझ्या स्वयंपाकघरात सगळी दुसऱ्यांची भांडी होती. आमच्या लिपनिकमध्ये, अमेरिकेतल्या या लहानशा गावात, कुणी गेलं की बायका काचेच्या भांड्यात बटाटे, हॅम आणि चीज भाजून आणतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर आपलं नाव लिहितात, म्हणजे रिकामं भांडं कुणाकडे पोचवायचं ते कळतं. मी भांडं पोचवायला गेलो की तिथून केक घेऊन परत यायचो. एकटा माणूस किती खाणार? शेवटी कुत्रा नसताना मी कुत्र्याचं ताट विकत आणलं आणि शेजारच्या कुत्र्याला हॅमची सवय लावली.

ही बायकांची मदत. पुरुषांना बटाटे भाजता येत नाहीत, म्हणून ते हत्यारं घेऊन येतात. न सांगता माझ्या अंगणातलं गवत कापलं गेलं. छपराच्या पन्हळी साफ झाल्या. पायऱ्यांचा कठडा वर्षानुवर्षं हलत होता, तो एके दिवशी पक्का झाला. मला तो हलता कठडाच बरा वाटायचा, पण मी काही बोललो नाही. लोक चांगल्या मनानं करतात.

फक्त एक गोष्ट मी सगळ्यांना बजावून सांगितली होती. दुकानाला हात लावायचा नाही.

दुकान म्हणजे मेन स्ट्रीटवरची आमची दोन मजली विटांची इमारत. खाली माझ्या आजोबांनी काढलेलं बुटांचं दुकान, वर पूर्वी नाचाचा हॉल. मी आणि रोझलीनं ते दुकान चालवलं, म्हातारे झालो तेव्हा बंद केलं. मग छप्पर गळायला लागलं. पेट्रोल पंपवाला ती जागा मागत होता. त्याला इमारत नको होती, गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. रोझली म्हणाली, "त्याच्या गाड्या त्यानं स्वतःच्या डोक्यावर उभ्या कराव्यात."

तिनं कुठूनतरी कर-सवलतीचं शोधून काढलं. आमच्या आयोवा राज्यात असं आहे की जुनी नोंदलेली इमारत तुम्ही जुन्या पद्धतीनं नीट केली, तर खर्चाचा चौथा हिस्सा राज्य करातून सोडतं. बूट विकून निवृत्त झालेल्या माणसाला एवढा कर कुठला? पण ती सवलत बँकेला विकता येते, आणि बँक त्या भरवशावर कामाला पैसे द्यायला तयार होती. खाली टेसा क्रुप्का बेकरी काढणार होती. टेसाचे कोलाचे, म्हणजे आलुबुखाराचं सारण भरलेले गोल मऊ पाव, आमच्याकडे रविवारी चर्चच्या आधी संपतात. ती घरच्या ओव्हनवर किती दिवस काढणार?

सगळं त्या सवलतीवर होतं. ती मिळाली तर छप्पर, बेकरी, सगळं. नाही मिळाली तर पेट्रोल पंप.

आणि अट एकच, पण कडक. राज्याच्या राजधानीतून, डे मॉइनच्या ऑफिसातून, होकार येईपर्यंत इमारतीतला खिळासुद्धा हलवायचा नाही. त्यांना आधी सगळं जसं आहे तसं बघायचं असतं. विशेषतः वरच्या खिडक्या. पुरुषभर उंच, लाकडी, वर-खाली सरकणाऱ्या, आतून दोरीला लोखंडी वजन बांधलेल्या. काचा इतक्या जुन्या की त्यातून बघितलं तर समोरचं टपाल ऑफिस पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. त्या दुरुस्त करायच्या, बदलायच्या नाहीत.

अर्ज रोझलीनं केला. आजारपणात, पलंगावर बसून, पाठीशी तीन उशा घेऊन. मला म्हणाली, "लेन, तू बूट विकायला चांगला आहेस. वाचायला नाहीस. इथं सही कर." मी केली. ती गेली तेव्हा अर्ज डे मॉइनला पोचलेला होता आणि त्याचं काम पुढं सरकत होतं. तिचा चष्मा, तिचा कोट, सगळं जागच्या जागी थांबलं होतं. तिनं सुरू केलेलं हे एकच काम अजून चालू होतं. म्हणून मी ते नीट सांभाळत होतो.

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी ऑफिसातून बाई बघायला येणार असं ठरलं.

त्याच्या आधीच्या शनिवारी माझी मेहुणी ब्लांश मला सीडर रॅपिड्सला घेऊन गेली. रोझलीचा थडग्याचा दगड पसंत करायचा होता. ब्लांश ही रोझलीची मोठी बहीण. आयुष्यात तिनं दुकानात गरजेपेक्षा जास्त वेळ कधी काढलेला नाही. त्या दिवशी मात्र तिचा पाय निघेना. दगड पसंत झाला, तरी तिनं अजून दोन कारखाने दाखवले. मग जेवण. जेवणानंतर पाय, म्हणजे फळांचं गोड सारण भरून भाजलेला.

"तू पाय खात नाहीस," मी म्हणालो.

"आज खाणार आहे."

"साखर वाढेल तुझी."

"माझी साखर, माझा पाय. तू गप्प बस आणि कॉफी पी."

मग तिला पडद्यांचं कापड बघायचं होतं. ते घेतलं नाहीच. सारखी घड्याळ बघत होती. मला वाटलं, बहिणीच्या दगडाचं दुःख आहे, घरी जायला नको वाटत असेल. म्हणून मी तिच्यामागून निमूट फिरलो.

परत आलो तेव्हा ऊन अजून होतं. मेन स्ट्रीटला वळल्यावर मला लांबूनच काहीतरी पांढरं चमकताना दिसलं. कुणीतरी आमच्या दुकानाला नवी कवळी बसवली होती.

वरच्या मजल्यावर प्लास्टिकच्या कोऱ्या खिडक्या. सगळ्या नाहीत, पण निम्म्याहून जास्त. खाली शिड्या, तीन पिकअप, चर्चच्या बायका कॉफीचा मोठा थर्मास घेऊन, आणि टेसा पावांचा ट्रे घेऊन. माणसं आमची गाडी बघून टाळ्या वाजवायला लागली.

व्हर्जिल माटोशेक शिडीवरून उतरला. तो माझा पहिलीपासूनचा मित्र. मका कापायचे दिवस सोडून हा इथं आला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलाला असतो तसा आनंद होता.

"बघ लेका!" तो म्हणाला. "लाकूडवाल्याकडून निम्म्या किमतीत काढल्या. तुला एक पैसा द्यायचा नाही. सगळ्यांनी मिळून. रोझलीसाठी."

मी म्हणालो, "जुन्या कुठं आहेत?"

"जुन्या? त्या सडक्या? माझ्या शेतावर नेऊन टाकल्या, जाळायच्या ढिगावर."

मी ओरडलो. अंत्यविधीत मी ओरडलो नव्हतो, रडलोही नव्हतो. तिथं भर रस्त्यात, चर्चच्या बायकांसमोर ओरडलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. आठवतं तेवढं इथं लिहिण्यासारखं नाही. टाळ्या थांबल्या. टेसाच्या हातातला ट्रे तिरका झाला आणि एक पाव घरंगळत पिकअपच्या चाकापर्यंत गेला.

"मी सांगितलं होतं ना," मी म्हणालो. "सगळ्यांना सांगितलं होतं. हात लावू नका म्हणून."

ब्लांश म्हणाली, हळूच, "लेन, आम्हाला वाटलं ते दुःखाचं बोलणं आहे."

"म्हणजे?"

"तू तिचा कोटपण हलवू देत नाहीस. मी तिचं कपाट आवरायला आले तर दारात उभा राहिलास. आम्हाला वाटलं दुकानाचंही तसंच. आपण करून टाकलं की तुझं तुला बरं वाटेल."

ती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. दोन्ही वेळेला मी एकाच आवाजात बोललो असणार. त्यातलं कुठलं दुःख आणि कुठलं राज्य सरकार, हे लोकांनी कसं ओळखायचं?

मी कर-सवलतीचं सगळं सांगितलं. मंगळवारी बाई येणार तेही सांगितलं. व्हर्जिल ऐकता ऐकता खाली बसला, सरळ फुटपाथवर.

"म्हणजे मी रोझलीची इमारत पेट्रोल पंपाला दिली," तो म्हणाला.

"जाळल्यास का?"

"नाही रे. बंदी आहे ना. महिनाभर पाऊस नाही, काउंटीनं शेतात आग लावायला मना केलंय." तो एकदम उठला. "बंदी आहे! मी दोन आठवडे त्या बंदीला शिव्या घालतोय!"

पुढचं काम कुणाला सांगावं लागलं नाही. पिकअप गेले, अंधार पडायच्या आत भरून परत आले. ढिगावर फेकताना एका खिडकीची वरची काच फुटली होती आणि चौकटीचा कोपरा उघडला होता. बाकीच्या शाबूत होत्या. प्लास्टिकच्या निघायला बसवायच्या निम्माही वेळ लागला नाही. व्हर्जिल म्हणाला, यावरूनच काय तो माल आहे ते कळतं.

अडचण वेगळीच आली. रविवारी जुन्या खिडक्या बसवायला घेतल्या तर कुठली कुठं होती ते कुणाला आठवेना. दिसायला सगळ्या सारख्या. पण इमारत इतक्या वर्षांत थोडी खचलेली, प्रत्येक भोक आपापल्या बाजूला कललेलं, आणि प्रत्येक खिडकी आपल्या भोकाप्रमाणं झिजलेली. एक अडकायची, दुसरी खुळखुळायची. व्हर्जिल हातोडा शोधायला लागला.

"हातोडा ठेव," मी म्हणालो. "बूट पायात जात नसला तर तू पायाला हातोडी मारतोस का?"

मग आम्ही दुकानात करायचो तसंच केलं. एकेक आणायची, लावून बघायची, टाचेत सैल आहे का, बोटाला चावते का ते बघायचं, नाही तर परत नेऊन दुसरी आणायची. गावातले चार दांडगे पुरुष माझ्या हुकमानं खिडक्या घेऊन जिना वर-खाली करत होते.

"साहेब, हिच्यात अर्धा नंबर मोठा आहे का?" व्हर्जिल विचारायचा.

"आहे. पण तुमचं माप रुंद आहे, तुम्हाला पलीकडची बरी."

"आणि पॉलिश फुकट?"

"तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाला फुकटात फक्त दार दाखवतो."

ते हसले. मीपण हसलो. रोझलीनंतर मी त्या इमारतीत हसलो नव्हतो. मला ते हसून झाल्यावर कळलं.

सोमवारी सगळ्या जागेवर होत्या. फुटलेलीसुद्धा, पुठ्ठा लावून. खाली उभं राहून बघितलं तर काही झालंच नाही असं वाटत होतं. व्हर्जिल माझ्या शेजारी उभा होता.

"सांगायचं काय कारण आहे?" तो म्हणाला. "एक काच फुटली. पोरांनी चेंडू मारला असेल. काचा फुटतात."

"बघू."

"सांगितलंस आणि तिनं नाही म्हटलं, तर मला आयुष्यभर तो पंप बघावा लागेल. मी तिथं पेट्रोल भरणार नाही, पण बघावा तर लागेल."

मी काहीच ठरवलं नव्हतं. एकीकडे वाटायचं, रोझली असती तर तोंडावर सांगून मोकळी झाली असती. दुसरीकडे वाटायचं, रोझली असती तर हे झालंच नसतं. ती असताना कुणाची हिंमत होती न विचारता शिडी लावायची?

मंगळवारी सकाळी ऑफिसातून लिंडक्विस्ट बाई आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर विणलेली टोपी, गळ्यात कॅमेरा, पायात चांगले जाड तळाचे बूट. बूट बघून मला जरा धीर आला. त्यांनी माझा हात हातात घेतला, पण काही बोलण्याआधी माझ्याकडे जरा निरखून बघितलं.

"मिस्टर व्होंद्रा," त्या म्हणाल्या, "मी गावात शिरताना पेट्रोल भरलं. गल्ल्यावरच्या मुलीनं सांगितलं की खिडक्या तिच्या वडिलांनी काढल्या, तुमचा काही दोष नाही. मग कॉफी घ्यायला थांबले. तिथं एक बाई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, दोष त्यांचा आहे, कारण तुम्हाला दिवसभर गावाबाहेर ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं."

"पाय खाल्ला का तिनं?"

"दोन तुकडे. का?"

"काही नाही. पुढं सांगा."

"कॉफीचे पैसे द्यायला गेले तर मालक म्हणाला, शिड्या त्याच्या होत्या."

तेवढ्यात व्हर्जिल आला. लग्नाला घालतो तो कोट घातलेला, टाय बांधलेला, केसांना पाणी लावलेलं. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "मी व्हर्जिल माटोशेक. हे सगळं माझ्या एकट्याचं डोकं. लेन नको म्हणत होता. आम्हाला वाटलं बायको गेली म्हणून बोलतोय. तुम्हाला कुणाला शिक्षा करायची असली तर माझं शेत इथून दोन मैलांवर आहे."

"मी कुणाला शिक्षा करत नाही," त्या म्हणाल्या. "मी फक्त बघते आणि लिहिते."

आता मी गप्प राहण्यात काही अर्थ नव्हता. मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. प्लास्टिक, शेत, बंदी, रविवारची मापं. पुठ्ठा लावलेली खिडकी मी स्वतः दाखवली. त्या वर गेल्या. प्रत्येक खिडकी वर सरकवून, खाली सरकवून बघितली. चौकटींचे खिळे बघितले, दोऱ्या बघितल्या. व्हर्जिल कोपऱ्यात टोपी फिरवत होता.

शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्या कामात लोक लपवतात. भिंतीला रंग लावून सांगतात की रंग आजोबांचा आहे. एका खिडकीसाठी भांडून भांडून दोष मागणारं गाव मी पहिल्यांदा बघतेय."

"मग सवलत?" व्हर्जिलनं विचारलं.

"ते मी एकटी ठरवत नाही. काढल्या होत्या आणि परत बसवल्या, असं जसंच्या तसं लिहीन. जुनं लाकूड आणि जुनी काच आहे, हेही लिहीन. त्यावर ऑफिस काय म्हणेल ते म्हणेल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तोपर्यंत कृपा करून हात लावू नका."

"बाई," व्हर्जिल म्हणाला, "आता इथं चिमणी बसली तरी मी हाकलीन."

तो ते खरंच करायला लागला. पुढचे दिवस शेतावरून येता-जाता तो पिकअप दुकानासमोर थांबवून वर बघायचा. चर्चच्या बायकांनी दुकानाच्या दारावर कागद लावला, 'हात लावू नये', आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'विशेषतः व्हर्जिल'. टेसा रोज सकाळी मला एक कोलाच आणून द्यायची आणि काही विचारायची नाही. न विचारणं तिला जड जात होतं, कारण ती प्रत्येक वेळी दारात थोडं जास्त उभी राहायची. पेट्रोल पंपवाल्याचा एकदा फोन आला. मी म्हणालो, अजून कळलं नाही. तो म्हणाला, कळलं की सांगा, घाई नाही. भला माणूस आहे तोही.

मी दुपारी वर जाऊन बसायचो. हॉलमध्ये खुर्ची टाकून. हात लावायचा नव्हता, पण बसायला मनाई नव्हती. काचांमधून टपाल ऑफिस डगमगताना बघायचो. सवलत नाही मिळाली तर काय, याचा विचार करायचो आणि तो पुढं जायचा नाही. रोझलीचं काम संपेल, एवढ्यावर येऊन थांबायचा.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधी लिंडक्विस्ट बाईंचा फोन आला. कागद मागून येईल, पण आधी सांगावंसं वाटलं, म्हणाल्या. मंजूर झालं होतं. दोन अटी होत्या. फुटलेली खिडकी लाकडातच आणि तशीच जुळवायची. आणि सगळ्या खिडक्या हातानं दुरुस्त करायच्या. रंग खरवडायचा, काचेभोवतीची पुट्टी काढून नवी भरायची, दोऱ्या बदलायच्या. यंत्र नाही.

"हाताचं काम पुष्कळ आहे," त्या म्हणाल्या. "माणसं मिळतील ना तुम्हाला?"

मी म्हणालो, "बघतो."

फोन ठेवला. काम रोझलीनं सुरू केलं होतं. ते आता माझ्याकडे आलं होतं. मग व्हर्जिलला फोन लावला.

"काय झालं?" तो म्हणाला. आवाज घाबरलेला.

"हात लाव," मी म्हणालो.

पलीकडे त्यानं बायकोला ओरडून सांगितलेलं ऐकू आलं, आणि मग फोन तसाच सोडून तो कुठंतरी गेला.

हिवाळाभर काम चाललंय. जिथं पूर्वी मी लोकांच्या पायांची मापं घ्यायचो तिथं लांब टेबलं मांडली आहेत, त्यावर खिडक्या आडव्या. कधीकधी इतकी माणसं येतात की मला उभं राहायला जागा नसते. पुरुष खरवडतात आणि तक्रारी करतात. पुट्टी भरायचं काम बायकांनी घेतलं आहे, कारण ती कणकेसारखी मळावी लागते आणि व्हर्जिलला ते जमत नाही, त्याच्या हाताला चिकटते. टेसानं मागच्या खोलीत ओव्हन बसवला आहे आणि भिंतींचा रंग वाळायच्या आधीच त्यात पाव भाजायला लागली आहे.

परवा ब्लांशनं मला शिकवायला घेतलं. काचेच्या कडेला पुट्टी लावायची आणि सुरीनं एका दमात ओढायची, मध्ये थांबायचं नाही. मी ओढली. ती वाकून बघायला लागली.

"रोझलीनं हे पास केलं असतं?" तिनं विचारलं.

मी बघितलं. कोपऱ्यात लाट आली होती.

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

मी सगळी पुट्टी काढली, परत मळून मऊ केली, आणि पहिल्या कोपऱ्यापासून पुन्हा भरायला घेतली.